बाळगोळी : मुंबईच्या गिरण्या आणि तान्ह्या मुलांची उपासमार

१/
मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास बहुधा भोंगा, चाळी, संप आणि लाल बावटा या शब्दांत सांगितला जातो. त्या इतिहासात एक अगदी लहान वस्तू राहून जाते. तिचे नाव बाळगोळी. तिच्यात अफू असे. गिरणीत कामाला जाणारी आई निघण्यापूर्वी ती तान्ह्या मुलाला देई आणि मूल दिवसभर गुंगीत पडून राही. आई आपल्याच मुलाला अफू का देत होती, या प्रश्नाचा मागोवा घेतला की विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईत स्तनपान कशावर अवलंबून होते, हे कळू लागते.

२/
आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. बाळगोळी आणि बाळगुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळगुटी म्हणजे मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड अशा वस्तू सहाणेवर उगाळून दिलेले चाटण. महाराष्ट्रातील घरोघरी ते परिचित होते. बाळगोळीचा मुख्य गुण मात्र अफूचा होता. लहान मुलांना अफू देण्याची चाल गिरण्यांच्याही आधीची आहे. खोकला, हगवण, रडणे यांवर ती घरगुती औषध म्हणून दिली जाई. गिरण्यांच्या मुंबईत या जुन्या चालीला एक नवे कारण मिळाले. आईच्या गैरहजेरीत मुलाला दिवसभर शांत ठेवणे, हे ते कारण होते.

३/
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा उपक्रम हाती घेतला. पुढील सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी हा सारा परिसर गिरणगाव झाला. १९२० च्या दशकात या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार होते आणि त्यांपैकी सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून आलेल्या या स्त्रिया मुख्यत्वे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, म्हणजे रीळ आणि वाइंडिंग खात्यांत काम करीत. त्यांच्यावर नायकीण असे. कामावर घेणे, खाडा मांडणे, कामावरून काढणे यांत नायकिणीचा शब्द महत्त्वाचा ठरे.

४/
१८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली होती. १९२२ च्या कायद्याने आठवड्याची मर्यादा ६० तास ठरवली. हे तास केवळ गिरणीतले. पहाटे पाणी भरणे, चूल पेटवणे, भाकरी थापणे, चाळीपासून गिरणीपर्यंत चालणे आणि सायंकाळी परतून पुन्हा स्वयंपाक करणे हे त्यांत धरलेले नाही. शिवाय या खात्यांतील मजुरी बहुतांशी उक्त्या कामाची होती. जितके सूत गुंडाळले तितके पैसे. मुलाला पाजण्यासाठी स्त्री कामावरून उठली, तर त्या वेळेची मजुरी तिच्या हातून जाई.

५/
येथे शरीराचा एक साधा नियम लक्षात घ्यावा लागतो. आईचे दूध साठवणीच्या रांजणासारखे नसते. मूल जितक्या वेळा ओढते, तितके ते तयार होते. नवजात मूल दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते. दहा-बारा तास मूल अंगाला लागले नाही तर प्रथम स्तन दाटून येतात, ठणकतात, कधी गाठ होऊन ताप चढतो. हे रोज घडू लागले की शरीर दूध कमी तयार करू लागते. ‘पान्हा आटला’ असे लोक म्हणत, आणि त्याचा दोष बहुधा आईच्या प्रकृतीला, तिच्या खाण्याला किंवा दृष्ट लागण्याला दिला जाई. गिरणीच्या वेळापत्रकाकडे फारसे कोणी बोट दाखवत नसे.

६/
अफूने हे दुष्टचक्र पूर्ण केले. अफू भूक मारते, खोकला दाबते आणि श्वास मंद करते. गुंगीतले मूल रडत नाही आणि पिण्याचा आग्रहही धरत नाही. आई सायंकाळी परतली तरी अर्धवट झोपेतले मूल जोर लावून ओढत नाही. त्यामुळे दूध आणखी घटते, मूल आणखी अशक्त होते, अधिक किरकिरते, आणि पुन्हा गोळी द्यावी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला एक शांत झोपलेले मूल दिसे. आत उपासमार चालू असे. अशा मुलाला हगवण किंवा न्यूमोनिया झाला, तर मृत्यूच्या नोंदीत त्या रोगाचे नाव लागे. मुलाचे पोट कित्येक आठवडे भरलेले नव्हते, याची नोंद कोठेही होत नसे.

७/
मग वरचे दूध का दिले जात नव्हते? दिले जात होते, पण ते सुरक्षित नव्हते. शहराच्या दाट वस्तीतील म्हशींच्या गोठ्यांतून येणारे दूध महाग होते आणि त्यात पाण्याची भेसळ सर्रास चाले. ते पाणी कोठले, हे विचारण्याची सोय नव्हती. एका खोलीच्या बिऱ्हाडात उन्हाळ्यात दूध टिकवणे अशक्य होते. बोंडल्याने किंवा कापडाच्या वातीने पाजताना जंतू थेट पोटात जात. बाहेरदेशचे डब्यातील आटवलेले दूध मुंबईच्या बाजारात होते, परंतु ते साखरेने गोड केलेले आणि गिरणी कामगाराच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून ते घेतले तरी पाणी घालून वाढवले जाई. मुंबईतील गोठे शहराबाहेर नेण्यासाठी आरे दुग्धवसाहत उभी राहिली ती १९४९ मध्ये.

८/
आईचे दूध नसेल तर काय करावे, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्री, म्हणजे दूधआई, कशी निवडावी याचे तपशीलवार वर्णन आहे. संभाजी महाराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण दूधआई हा सधन घरांचा उपाय होता. शेतमजूर स्त्रीचा उपाय वेगळा होता. ती मूल बरोबर नेई, झाडाला झोळी बांधी आणि खुरपणी सोडून मधूनच पाजायला बसे. तिचे काम कष्टाचेच होते आणि मजुरी तुटपुंजी होती, पण मूल हाकेच्या अंतरावर असे. गिरणीने ते अंतर वाढवले आणि मध्ये दरवाजा उभा केला.

९/
महाराष्ट्राच्या स्मृतीत अशा बंद दरवाजाची एक आख्यायिका आहेच. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळे गडावर अडकली आणि घरी असलेल्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेली, असे सांगतात. ही कथा आईच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तिच्यात आणखी एक बाब आहे. हिरकणी ही कष्टकरी स्त्री होती. दुसऱ्यांच्या घरी दूध पोहोचवताना तिचे स्वतःचे मूल दुधावाचून राहिले होते. एका रात्री कडा उतरणे एखादीला साधेल. आठवड्यातील सहा दिवस, वर्षानुवर्षे बंद होणाऱ्या दरवाजावर धैर्य हा उपाय नव्हता.

१०/
या प्रश्नाला जागतिक व्यासपीठ मिळाले ते १९१९ मध्ये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टन येथे भरली. तेथे बाळंतपणाच्या संरक्षणाविषयी एक करार संमत झाला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर प्रत्येकी सहा आठवड्यांची रजा, त्या काळात निर्वाहाची तरतूद, आणि कामाच्या वेळेत मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास, अशा त्याच्या मुख्य अटी होत्या. स्तनपानाचा वेळ हा कामगार स्त्रीचा हक्क म्हणून आंतरराष्ट्रीय करारात येण्याची ही पहिलीच वेळ. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी, म्हणजे ना. म. जोशी, या परिषदेला उपस्थित होते. भारत सरकारने करार स्वीकारला नाही. प्रथम परिस्थितीची पाहणी करण्याचे ठरले.

११/
या पाहणीच्या ओघात मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. त्यांनी गिरण्यांतील स्त्रिया, त्यांची बाळंतपणे आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. १९२२ मध्ये त्यांचा अहवाल पुढे आला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांचे निरीक्षण होते. हा आकडा पुढे मुंबईच्या कामगारविषयक लिखाणात वारंवार उद्धृत झाला. व्यसनी किंवा निष्काळजी अशा मोजक्या आयांची ही गोष्ट नव्हती, हे त्या आकड्यावरून स्पष्ट होते. जवळजवळ प्रत्येक आई जेव्हा एकच गोष्ट करते, तेव्हा तिच्या कारणाचा शोध एकेका आईच्या स्वभावात घेऊन भागत नाही.

१२/
मृत्यूचे आकडेही याच काळातील आहेत. १९२१ मध्ये मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भकमृत्यू झाले. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण हजारी ८२८ होते. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत ते १३३ होते. हे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. मुलाचा जन्म तिकडे होई आणि त्याची नोंद मुंबईत होत नसे. मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे प्रत्यक्षाहून प्रमाण अधिक दिसते. तरीही एक खोली आणि चार खोल्या यांतील दरी इतकी प्रचंड आहे, की नोंदीतील दोष वजा केल्यावरही ती बुजत नाही.

१३/
या आकड्यांचा अर्थ लावताना त्या काळचे बहुतेक अधिकारी आणि वैद्यकीय जाणकार एका शब्दावर स्थिरावले. तो शब्द होता ‘अज्ञान’. आया अडाणी आहेत, सुइणी मागासलेल्या आहेत, म्हणून मुले मरतात; तेव्हा मातांना शिकवावे, असा सूर होता. शिकवण्यासारखे काही नव्हते असे नाही. पहिला चीक टाकून देऊन नवजात मुलाला दोन-तीन दिवस मधाचे किंवा गुळाचे पाणी देण्याची चाल घातकच होती. परंतु दुपारी बारा वाजता मुलाला पाजावे, हे ज्ञान असलेली आई त्या वेळी वाइंडिंग खात्यात उभी असेल, तर त्या ज्ञानाचा उपयोग कसा व्हावा, हा प्रश्न या उपदेशात सहसा येत नसे.

१४/
काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली. ती सर्वत्र भरून गेली नाहीत, आणि यावरूनही आयांना दोष देण्यात आला. कारणे व्यवहारातील होती. पहाटेच्या गर्दीत तान्हे मूल उचलून चालत न्यावे लागे. अनोळखी दाईवर विश्वास बसत नसे. दृष्ट लागण्याचे आणि साथीचे भय होते. घरी सासू किंवा शेजारीण असेल तर तिच्याकडे मूल ठेवणे अधिक सुरक्षित वाटे. पाळणाघर असूनही पाजायला जाण्याची मुभा नायकिणीच्या मर्जीवर राहिली आणि मजुरी उक्तीच राहिली, तर आईची अडचण संपत नव्हती. काही स्त्रिया मूल खात्यातच घेऊन येत. ते कपाशीच्या धुळीत आणि यंत्रांच्या गडगडाटात झोपे.

१५/
ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले. त्यानंतर हा विषय मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आला. १९२८ च्या जुलैमध्ये तेथे चर्चा झाली, तेव्हा मुंबईतील गिरण्या बंद होत्या. एप्रिलमध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केले. मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो कारण त्यात त्याचा लाभ असतो. म्हणून त्यानेही हा भार घ्यावा, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता.

१६/
या युक्तिवादाचे महत्त्व आज अधिक ध्यानात येते. तोवर मुलाचे पोषण हा आईचा खाजगी प्रश्न मानला जात होता. आई चांगली तर मूल जगेल, अशी ती समजूत होती. मुलाच्या जगण्यातून समाजाला आणि उद्योगाला लाभ होत असेल, तर त्याचा खर्चही त्यांनीच वाटून घ्यावा, असा हिशेब या भाषणाने सार्वजनिक चर्चेत आणला. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती-साहाय्य कायदा अस्तित्वात आला. भारतातील या प्रकारचा हा पहिला कायदा. काही काळ नोकरी झालेल्या कारखाना-कामगार स्त्रीला बाळंतपणात दिवसाला आठ आणे मिळू लागले.

१७/
कायद्याने मिळाले ते मोलाचे होते, पण पुरेसे नव्हते. प्रसूतीनंतरची विश्रांती चार आठवड्यांची होती. आई आणि मूल यांचे स्तनपान नीट बसायलाच बहुधा तेवढा काळ लागतो. पाचव्या आठवड्यात स्त्री पुन्हा दिवसभराच्या पाळीत हजर होई. वॉशिंग्टनच्या करारातील दोन अर्ध्या तासांचा या कायद्यात मागमूस नव्हता. बाळंतिणीला पैसे मिळाले. पाजण्याची वेळ मिळाली नाही. बाळगोळीची गरज ज्या ठिकाणी निर्माण होत होती, ती जागा कायद्याने तशीच ठेवली.

१८/
आणखी एक परिणाम घडला. साहाय्याचा खर्च त्या त्या गिरणीच्या मालकावरच होता. त्यामुळे स्त्री-कामगार त्याला महाग वाटू लागली. गर्भारपणाची चिन्हे दिसताच स्त्रियांना कमी केले जाते, अशा तक्रारी पुढे आल्या. त्यातच नवी यंत्रे आणि कामाची फेररचना यांची झळ रीळ आणि वाइंडिंग खात्यांना बसली. स्त्रियांना रात्रपाळीची कायद्याने बंदी होती, आणि पाळ्या वाढल्या तसा पुरुषांकडे कल वाढला. स्वातंत्र्याच्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण बरेच खाली आले आणि पुढे ते नगण्य झाले. केवळ कायद्यामुळे हे घडले, असे म्हणणे चूक ठरेल. पण डॉ. आंबेडकरांनी भार मुख्यतः सरकारने घ्यावा असे का म्हटले होते, हे या घटनाक्रमातून समजते.

१९/
पाजण्याचा वेळ कायद्यात फार हळू आला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले आणि मातांना ठरावीक अंतराने मुलाला पाजता यावे यासाठी नियम करण्याची तरतूद केली. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोन विराम देण्याचे बंधन घातले. वॉशिंग्टनच्या परिषदेपासून येथवर ४२ वर्षे लोटली होती. गिरण्यांतील ज्या स्त्रियांच्या स्थितीमुळे मुंबईत हा प्रश्न उभा राहिला, त्यांतील बहुसंख्य तोवर गिरण्यांबाहेर गेल्या होत्या.

२०/
गिरण्यांतून बाहेर पडलेल्या स्त्रिया घरी बसल्या नाहीत. खानावळी, धुणीभांडी, फेरीचा धंदा, घरबसल्याची उक्ती कामे यांत त्या गेल्या, आणि तेथे फॅक्टरी कायदा पोहोचत नव्हता. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आवश्यक ठरले. उसाच्या फडात, इमारतीच्या पायथ्याशी किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या आईला या तरतुदींचा आधार क्वचितच मिळतो. तिचा दिवस आजही शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणी कामगार स्त्रीच्या दिवसाशी अनेक बाबतींत जुळतो.

२१/
महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवर मुलाला पाजण्यासाठी ‘हिरकणी कक्ष’ आढळतात. नाव समर्पक आहे, कारण त्या खोलीचा हेतू हिरकणीला कडा उतरावा लागू नये असाच आहे. बाळगोळीचा इतिहास अशा सोयी मोजण्याचे माप देतो. आईला ज्ञान आहे का, माया आहे का, याच्या जोडीने तीन गोष्टी विचाराव्या लागतात : तिचे मूल तिच्यापासून किती अंतरावर आहे, पाजण्यासाठी तिला किती वेळ मिळतो, आणि त्या वेळेची मजुरी कोण देतो? १९२२ च्या गिरणगावात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आईच्या विरोधात होती. उरलेले उत्तर तिला बाळगोळीत मिळाले.